आमच्या उंबऱ्याला पुन्हा पाणी लागण्याची शक्यता किती? : बेझची संभाव्यता शिकायची सुरुवात कुठून करावी

गावभागकर (सांगली)

नमस्कार. सांगलीच्या गावभागात आमचे घर आहे आणि तळमजल्यावर भुसार मालाचे दुकान आहे. घर वडिलांनी १९७१ साली बांधले. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन पावसाळ्यांत कृष्णेचे पाणी उंबरा ओलांडून आत आले. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा अर्धा माल वर नेईपर्यंत उरलेली पोती भिजली होती. पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण येत्या पावसाळ्यात आमच्या उंबऱ्याला पाणी लागण्याची शक्यता किती, याचे उत्तर मला आजवर कोणी आकड्यात दिलेले नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. संभाव्यतेशी माझी ओळख फासे, पत्ते आणि पिशवीतले रंगीत चेंडू इथवरच झाली. बेझचे सूत्र, म्हणजे नवा पुरावा मिळाल्यावर आधीची शक्यता किती बदलायची हे सांगणारा नियम, परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. आता ते समजून घेण्याची मनापासून इच्छा आहे. मी स्वतः केलेला हिशेब असा : २००५ ते २०२५ या २१ पावसाळ्यांत पाणी तीनदा आले, म्हणजे सुमारे १४ टक्के, म्हणजेच सरासरी सात वर्षांतून एकदा. पण २०१९नंतर दोनच वर्षांनी पुन्हा पाणी आले, त्यामुळे या 'सात वर्षांतून एकदा'चा नेमका अर्थ काय, हे मला कळेनासे झाले आहे. कृपया जाणकारांनी मार्ग दाखवावा.

अजिंक्यतारा (सातारा)

गावभागकर, आपला प्रश्न इतका नेमका आहे की अभ्यासक्रमही त्याच्याभोवतीच रचता येईल. मी साताऱ्यात अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवले आहे. माझा पहिला सल्ला असा की सूत्रापासून सुरुवात करू नका, मोजणीपासून करा.

आधी 'सात वर्षांतून एकदा'विषयी. दर वर्षी १४ टक्के शक्यता म्हणजे पूर सात वर्षे थांबून मगच येईल असे नाही. प्रत्येक पावसाळा ती शक्यता नव्याने घेऊन उभा राहतो. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या शब्दांनीही असाच गैरसमज होतो. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का एवढाच असतो आणि वर्षे परस्परांपासून स्वतंत्र मानली, तर ३० वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. घरासाठी ३० वर्षांचे कर्ज काढणाऱ्या माणसाला हा आकडा ठाऊक असायला हवा, असे मला फार वाटते.

आता बेझ. थॉमस बेझ हे इंग्लंडमधले धर्मोपदेशक होते. १७६१ साली ते वारले आणि त्यांचा निबंध रिचर्ड प्राइस या त्यांच्या मित्राने १७६३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आणला. त्या निबंधातला प्रश्न नेमका आपलाच आहे : एखादी घटना इतक्या वेळा घडली आणि इतक्या वेळा घडली नाही, एवढेच ठाऊक असताना तिच्या संभाव्यतेविषयी काय म्हणता येईल? पुढे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने याचे एक सोपे उत्तर दिले. नोंदी पाहण्यापूर्वी ० ते १०० टक्क्यांपर्यंतच्या सर्व शक्यता समान मानल्या आणि 'न' वर्षांत घटना 'क' वेळा घडली, तर पुढच्या वर्षी ती घडण्याची शक्यता 'क अधिक १' भागिले 'न अधिक २'. आपल्या आकड्यांनी हे ४ भागिले २३ होते, म्हणजे सुमारे १७ टक्के.

मात्र १७ हा आकडा मला महत्त्वाचा वाटत नाही. त्याच्याभोवतीची अनिश्चितता महत्त्वाची वाटते. याच गणिताने ९० टक्के खात्रीची मर्यादा, म्हणजे खरी शक्यता ज्यात असण्याची ९० टक्के खात्री वाटते तो पट्टा, काढली, तर ती साडेसहा टक्क्यांपासून साडेएकतीस टक्क्यांपर्यंत पसरते. २१ वर्षांच्या नोंदींतून याहून बारीक काही कळू शकत नाही, आणि ते न लपवता सांगणे हेच या पद्धतीचे खरे बळ आहे.

मिरजेची प्रयोगशाळा (मिरज)

मी मिरजेत रोगनिदान प्रयोगशाळेत काम करते. मला बेझ पुस्तकातून कळला नाही, हजार माणसांची मोजणी मांडल्यावर कळला. म्हणून तीच इथे मांडते. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.

समजा, हजार जणांपैकी १० जणांना एखादा आजार आहे. चाचणी त्या १० पैकी ९ जणांना पकडते, पण ९९० निरोगी माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे जवळजवळ ५० जणांनाही चुकून 'बाधित' ठरवते. एकूण ५९ अहवाल 'बाधित' आले आणि त्यांतले खरे फक्त ९, म्हणजे १५ टक्के. आता हीच चाचणी रुग्णालयातल्या अशा कक्षात करा, जिथे लक्षणे पाहूनच भरती झालेल्या हजार जणांपैकी ३०० जण खरोखर आजारी आहेत. तिथे २७० खरे आणि ३५ खोटे असे ३०५ अहवाल 'बाधित' येतील आणि खऱ्यांचे प्रमाण ८८ टक्क्यांच्या वर जाईल. चाचणी तीच, अहवालाचा कागद तोच. बदलले ते फक्त चाचणीपूर्वीचे प्रमाण.

घाबरलेला माणूस अहवाल हातात घेऊन समोर उभा असतो तेव्हा हा फरक त्याला समजावून सांगता येणे किती गरजेचे आहे, हे मी रोज पाहते. बेझच्या सूत्रातली प्रत्येक राशी म्हणजे या मोजणीतला एकेक गठ्ठा आहे. हजार माणसे कागदावर मांडून ती गटांत वाटता आली की सूत्र पाठ करावे लागत नाही.

निवृत्त पाटबंधारे

गावभागकर, आपली मोजणी जिथून सुरू होते तिथेच एक दोष आहे. आपण २००५ पासून मोजता, पण २००५ हे पुराचेच वर्ष आहे. पूर आला म्हणून मोजायला सुरुवात केली, तर पहिले वर्ष हमखास 'हो'मध्ये जाते आणि प्रमाण फुगते. घर १९७१चे आहे. त्यापूर्वीचे जाऊ द्या, पण १९७१ ते २००४ या ३४ पावसाळ्यांत पाणी आत आले होते का? नसेल, तर तीही नोंदच आहे. पाणी न आल्याची आठवण कोणी ठेवत नाही, म्हणून ती हिशेबातून गळते.

मी नोकरीची बरीच वर्षे नदीच्या पातळ्या लिहिण्यात घालवली. त्या अनुभवातून दुसरी सूचना करतो : ५५ वर्षे धरली, तरी नदी ५५ वर्षे तीच राहिलेली नाही. काठावरची बांधकामे, भराव, पूल, वरच्या धरणांचे पाणी सोडण्याचे वेळापत्रक, यांत पुष्कळ बदल झाला आहे. त्यामुळे जुनी वर्षे टाकूनही चालणार नाही आणि नव्या वर्षांच्या बरोबरीने मोजूनही चालणार नाही.

या ठिकाणी प्रशांतचंद्र महालनोबिस यांची आठवण होते. १९३१ मध्ये कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करण्याआधीच त्यांनी उत्तर बंगाल आणि ओडिशा इथल्या पुरांचा अभ्यास केला होता. ओडिशात नदीचे पात्र उंचावल्यामुळे पूर येतात, असे अभियंत्यांचे मत होते; महालनोबिसांनी अनेक वर्षांच्या नोंदी तपासून दाखवले की पात्र उंचावलेले नाही, वरच्या पाणलोटातला जादा पाऊस हे कारण आहे. त्यांची पद्धत बेझियन नव्हती, पण जुन्या नोंदींपुढे ठाम मत तपासून घेण्याची त्यांची शिस्त आपल्या कामाची आहे.

गावभागकर (सांगली)

काका, आपण दाखवलेली चूक माझ्या ध्यानातच आली नव्हती. काल आईला आणि शेजारच्या दोन वृद्ध गृहस्थांना विचारले. १९७१ ते २००४ या काळात पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आल्याचे ते सांगतात, पण उंबरा ओलांडल्याचे कोणालाच आठवत नाही.

म्हणजे ५५ पावसाळ्यांत तीनदा. सरांच्या नियमाने ४ भागिले ५७, म्हणजे ७ टक्के. एकीकडे १७ आणि दुसरीकडे ७! यातले कोणते खरे मानायचे?

अजिंक्यतारा (सातारा)

दोन्ही उत्तरे आपापल्या गृहीतकांना धरून बरोबर आहेत. ५५ वर्षांची ९० टक्के मर्यादा काढली तर ती अडीच ते तेरा टक्के येते. काकांचे म्हणणे आकड्यात आणायचे असेल, तर जुन्या ३४ वर्षांचे वजन निम्मे करा. ती १७ वर्षांइतकी झाली, त्यांत नंतरची २१ मिळवली की ३८ वर्षे आणि ३ पूर. उत्तर ४ भागिले ४०, म्हणजे १० टक्के. निम्मेच वजन का, असे कोणी विचारले तर माझ्याकडे सिद्धता नाही. तो माझा अंदाज आहे, पण उघडपणे लिहिलेला अंदाज आहे. आपल्याला तो पटत नसेल तर पाव करा आणि उत्तर किती हलते ते पाहा. आकडा थोडा बदलल्याने निष्कर्षच उलटत असेल, तर नोंदी अपुऱ्या आहेत असे समजावे.

पूर्वमताबद्दल, म्हणजे पुस्तके ज्याला प्रायर म्हणतात त्याबद्दल, थोडे विस्ताराने लिहितो, कारण नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो. लाप्लासच्या नियमातले 'अधिक १' आणि 'अधिक २' म्हणजे नोंदी पाहण्यापूर्वीच आपण मनाने दोन वर्षे पाहिली आणि त्यांतल्या एका वर्षी पूर आला, असे धरणे. सर्व शक्यता समान मानणे निःपक्षपाती वाटते, पण त्याचा अर्थ 'हे घर सरासरी एका वर्षाआड पाण्यात जाईल' असा होतो, आणि असे घर तर १९७१ साली कोणी बांधलेच नसते. त्याऐवजी 'दहा वर्षांत एकदा' असे पूर्वमत धरले, तर २१ वर्षांच्या नोंदींनी उत्तर ४ भागिले ३१, म्हणजे १३ टक्के येते. ५५ वर्षांच्या नोंदींनी ४ भागिले ६५, म्हणजे सुमारे ६ टक्के. नोंदी थोड्या असताना पूर्वमत बदलल्याने उत्तर १७ वरून १३ वर आले. नोंदी वाढल्यावर ते ७ वरून ६ पर्यंतच हलले. हे एक गणित स्वतःच्या हाताने चार-पाच वेळा करून पाहा.

सांगलवाडी

विषय चांगला चालला आहे, पण माझी शंका स्पष्ट मांडतो. पूर्वमत म्हणजे शेवटी ज्याचे त्याचे मतच ना? आमच्याकडे बहुतेकांचे ठाम मत आहे की पूर कृष्णेवरच खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे, म्हणजे धरणामागे तुंबून वरपर्यंत सरकणाऱ्या पाण्यामुळे, येतो. पुरात अलमट्टी भरलेले असते, हा त्याचा पुरावा. हे मत ९५ टक्के धरून सुरुवात केली, तर आपले गणित दुसरे काय सांगणार?

अजिंक्यतारा (सातारा)

ही शंका मला मोलाची वाटते. ९५ टक्क्यांनी सुरुवात करायला हरकत नाही. अट एवढीच की विरुद्ध बाजूलाही काही जागा ठेवावी, कारण १०० टक्के धरणाऱ्याचे मत कोणताही पुरावा बदलू शकत नाही.

पुरावा तोलताना दोन प्रश्न विचारावेत : फुगवटा हे कारण असते, तर हा पुरावा दिसण्याची शक्यता किती? आणि ते कारण नसते, तर किती? दोन उत्तरांचे गुणोत्तर म्हणजे पुराव्याचे वजन. पश्चिम घाटात जोराचा पाऊस पडतो तेव्हा कृष्णाही फुगते आणि अलमट्टीही भरते. म्हणजे 'पुराच्या वेळी अलमट्टी भरलेले होते' हे दृश्य दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखेच अपेक्षित आहे. गुणोत्तर एकाच्या आसपास राहते आणि आपले मत होते तिथेच राहायला हवे.

वजनदार पुरावा वेगळा असतो. वरून येणारे पाणी साधारण सारखे, पण अलमट्टीची पातळी वेगवेगळी, असे दिवस शोधावेत. धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे, तिच्या जवळचे दिवस आणि तिच्या बऱ्याच खालचे दिवस. मग कृष्णेवरचा सांगलीखालचा राजापूर बंधारा आणि आयर्विन पूल इथल्या पातळ्यांत फरक दिसतो का, ते पाहावे. फुगवटा कारण असेल तर तो खालून वर येताना दिसला पाहिजे. मी कोणत्याही बाजूचा निकाल देत नाही. कोणत्या नोंदीने मत बदलायला हवे हे आधीच लिहून ठेवावे आणि मगच नोंदी उघडाव्यात, एवढेच माझे सांगणे आहे.

तासगावची बाग

मी द्राक्ष बागायतदार आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस आला आणि पाने बराच वेळ ओली राहिली की डाऊनी या बुरशी रोगाची भीती असते. मोबाइलवरचा अंदाज '७० टक्के पाऊस' म्हणतो, तेव्हा फवारणी करावी की थांबावे, हा प्रश्न दर वर्षी पडतो. दोन हंगाम मी वही ठेवली. अंदाज ७० टक्के होता अशा २० दिवसांपैकी माझ्या बागेत पाऊस ९ दिवशीच पडला. तेव्हापासून तो आकडा मी माझ्या बागेपुरता ५० टक्क्यांच्या आसपास धरतो. २० दिवसांची नोंद थोडी आहे हे मला कळते, म्हणून एकदम ४५वर उतरलो नाही.

पण गावभागकर, मला सांगायचे आहे ते निराळेच. संभाव्यता काढून थांबू नका, निर्णयापर्यंत जा. समजा, एकरी एका फवारणीचा खर्च तीन हजार आहे आणि रोग आल्यास नुकसान दीड लाख. मग रोगाची शक्यता दोन टक्क्यांच्या वर गेली की फवारणी परवडते. शक्यता १० टक्के की २० टक्के, यावर वाद घालण्यात अर्थ उरत नाही. (औषधांचा अंश आणि बुरशीची वाढती प्रतिकारशक्ती हेही खर्चातच धरावे लागते, तो हिशेब इथे लांबवत नाही.) आपण दुकानात काय करायचे ठरवले आहे? त्याला खर्च किती?

गावभागकर (सांगली)

दादा, या प्रश्नाने माझा सगळा गुंता सुटला. दुकानात छतालगत मजबूत लोखंडी माळा करायचा आहे. खर्च सुमारे ८० हजार. पुरात माल भिजला की साधारण चार लाखांचे नुकसान होते. माळा दहा वर्षे टिकेल असे धरले, तर दर वर्षी दोन टक्के शक्यतेला खर्च आणि वाचणारे नुकसान बरोबरीत येतात. सरांनी काढलेल्या सर्व मर्यादांत सर्वांत खालचे टोक अडीच टक्के आहे. म्हणजे १७ टक्के खरे की ७ टक्के खरे, याने माझा निर्णय बदलतच नाही! तीन आठवडे मी ज्या आकड्यांची निवड करत बसलो होतो, तिची या कामापुरती गरजच नव्हती. माळ्याचे काम परवा लोहाराला सांगितले.

निवृत्त पाटबंधारे

माळा उत्तम. मात्र माळ्यावर माल कधी चढवायचा, हा रोजचा प्रश्न राहतोच आणि त्याला वार्षिक शक्यता पुरत नाही. त्यासाठी उद्याच्या पातळीचा अंदाज हवा. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत कोयना, नवजा आणि महाबळेश्वर इथला पाऊस, कोयना धरणातला साठा आणि विसर्ग रोज छापून येतो. त्यावरून सुरुवात करावी.

एक सावधगिरी बाळगावी. विसर्ग आणि पाऊस ही दोन स्वतंत्र कारणे नव्हेत. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे; साठा भरत आला आणि पाऊस थांबला नाही, की दरवाजे उघडावे लागतात. त्याच पावसाचे दुसरे पाणी धरणात न जाता ओढ्या-नाल्यांतून थेट नदीत येते. म्हणून आधी कागदावर बाण काढावेत : पावसाकडून साठ्याकडे, साठ्याकडून विसर्गाकडे, विसर्गाकडून पातळीकडे, आणि पावसाकडून थेट पातळीकडे दुसरा बाण. कोयनेचे पाणी कराडला प्रीतिसंगमात कृष्णेला मिळते, वारणेचे हरिपूरजवळ मिळते. वारणेचा बाण विसरू नये. हे चित्र न काढता सगळे आकडे एका समीकरणात कोंबले, तर विसर्गाचा दोष पावसावर आणि पावसाचा दोष विसर्गावर जातो.

अजिंक्यतारा (सातारा)

काकांच्या चित्रात मी एकच भर घालतो. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात त्याचा दहावा हिस्सा पडतो. सर्व केंद्रांची एकच सरासरी काढणे चूक, आणि प्रत्येक केंद्र एकटे पाहिले तर नोंदी अपुऱ्या पडतात. स्तरित मॉडेल मधला मार्ग काढते : घाटावरची केंद्रे एका गटात, पर्जन्यछायेतली दुसऱ्या गटात, आणि गटातली केंद्रे एकमेकांकडून थोडी माहिती उसनी घेतात. जिथे नोंदी कमी, तिथे उसनवारी अधिक.

अशा मॉडेलची गणिते हाताने होत नाहीत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ती सामान्य अभ्यासकाच्या आवाक्याबाहेरच होती. १९५३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांनी मांडलेली यादृच्छिक नमुने घेण्याची युक्ती १९९०नंतर संख्याशास्त्रात रुळली आणि आज 'स्टॅन' किंवा 'पायएमसी' ही मोफत साधने घरच्या संगणकावर चालतात. तरी पहिला महिना स्प्रेडशीटवरच काढावा.

गावभागकर (सांगली)

दोन महिन्यांनी लिहितो आहे. ग्रंथालयात बसून २०२१च्या पावसाळ्यातल्या ६० दिवसांच्या नोंदी जुन्या वर्तमानपत्रांतून उतरवल्या. प्रत्येक दिवशी फक्त त्या दिवसापर्यंतची माहिती वापरून दुसऱ्या दिवसाची पातळी आणि तिची ८० टक्के मर्यादा काढली. मॉडेल नीट असते, तर ६० पैकी ४८ दिवस मर्यादेत बसायला हवे होते. बसले ३९. चुकलेल्या २१ दिवसांपैकी १५ दिवस पाणी चढतीचे होते आणि त्यांतल्या बहुतेक दिवशी पाणी माझ्या वरच्या टोकाच्याही वर गेले. नेमके ज्या दिवशी मला सूचना हवी, त्याच दिवशी मॉडेल गाफील राहते.

अजिंक्यतारा (सातारा)

ही तपासणी आपण स्वतःहून केलीत, याचा मला मनापासून आनंद झाला. अंदाज किती चुकू शकतो याचा पसारा आपण रोज सारखाच धरला आहे. तो पावसाबरोबर वाढू द्यावा. नवजाचा पाऊस मोठा, त्या दिवशी मर्यादा रुंद. शिवाय चुकांसाठी नेहमीच्या घंटाकृती वितरणाऐवजी स्टुडंटचे टी-वितरण घ्यावे, म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या उडीलाही जागा राहील.

निवृत्त पाटबंधारे

पाणी चढताना आणि उतरताना नदी वेगवेगळी वागते. चढ आणि उतार यांची समीकरणे वेगळी करावीत. आणि माल चढवण्याचा निर्णय मधल्या अंदाजावर घेऊ नये, मर्यादेच्या वरच्या टोकावर घ्यावा.

गावभागकर (सांगली)

तसेच करतो. माल वर चढवायला आम्हा तिघांना सहा तास लागतात, हे परवा सराव करून मोजले. त्यामुळे उद्याच्या पातळीचे वरचे टोक आमच्या उंबऱ्याच्या पातळीला ज्या दिवशी टेकेल, त्याच दिवशी दुपारी दुकान बंद करून माल चढवायचा, असे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. आता २०१९च्या नोंदी उतरवायला घेतो.